बंबावरचं नाव

कल्याण, ४ नोव्हेंबर २०२५

सावळ्या,

आधी खुर्चीत बस. काम आहे, आणि ते तुझ्याकडे आहे, म्हणून मला आत्तापासूनच धडकी भरली आहे. फोन केला असता, पण माझ्या कानांना आता दारावरची बेल तेवढी ऐकू येते आणि तू मोबाइल घरात शिरू देत नाहीस. म्हणून पोस्ट.

‘सप्तर्षींच्या पलीकडे’ परत येते आहे. आपली शहाऐंशी सालची तेरा भागांची मालिका. मोबाइलवर चालणाऱ्या कुठल्याशा चॅनेलनं जुन्या टेपा शोधून, धुऊनपुसून काढल्या आहेत आणि संक्रांतीला दाखवणार आहेत. त्याआधी हयात नटांचा पुण्यात सत्कार आहे. मला कुणी बोलावलेलं नाही. आमच्या उज्ज्वलानं जाहिरात दाखवली म्हणून कळलं. सुनेच्या मोबाइलवर स्वतःची मालिका पाहायची आणि तिच्या यादीत आपलं नाव शोधायचं, ही पाळी.

उज्ज्वलानं त्यांना फोन लावला आणि तिकडचं मला कानात ओरडून सांगितलं. वृषाली नावाची मुलगी सगळं बघते. बोलायला गोड. कुठली भूमिका केली होतीत, म्हणाली. मी सांगितलं, अगस्ती, यंत्रमानव. तर म्हणते, नावांच्या पट्टीत अगस्तीला आवाज देणाऱ्याचं नाव आहे, आत कोण होतं याची नोंदच नाही. आणि अगस्ती मीच होतो असं सांगणारे तुम्ही तिसरे आहात. एक साताऱ्याचा आहे. दुसरा नागपूरचा, तो दर सोमवारी पत्र पाठवतो.

पंचेचाळीस वर्षं तोंडाला रंग लावला. राजाचा हुजऱ्या सहाशे प्रयोग, सावकाराचा मुनीम, तिसरा हवालदार, मालिकांमधून अकरा मुलींचा बाप. एवढं करून लोक ओळखतात ते त्या पाच दिवसांच्या कामासाठी, ज्यात माझं तोंड दिसत नाही आणि आवाज माझा नाही. बरं, ओळखतात तर ओळखोत. पण आता तेही रांगेत तिसरं उभं राहून सिद्ध करायचं.

पुरावा तुझ्याकडे आहे. अगस्तीचं डोकं. दादाभाऊ तांबटानं ते आंघोळीच्या पाण्याच्या बंबातून घडवलं, हे मी तुला सांगायला नको. त्याच्या दुकानातून नाव घातल्याशिवाय भांडं बाहेर जात नसे, आणि त्याच्या लेखी ते डोकंही भांडंच. आतल्या कडेला त्यानं ठोक्याठोक्यानं घातलं आहे: संपत बाबूराव वाळुंज, लोणी. १५-२-८६. नागपूरकरानं याला उत्तर द्यावं.

शूटिंग संपल्यावर डोकं तुझ्या घरी ठेवलं होतं. गोणपाटात बांध आणि जुन्नर-कल्याण गाडीच्या पार्सलात टाक. पंचवीस डिसेंबरच्या आत वृषालीला दाखवायचं आहे.

ती आणखी एक म्हणाली. शेवटच्या भागात अगस्ती कड्यावर बसून मुलांच्या यानाला हात करतो, तो सीन आठवून तिच्या आईचे डोळे अजून भरून येतात. तो हात तुमचाच ना, असं विचारलं. मी हो म्हटलं.

कविता नको. डोकं पाठव.

संपत

*

जुन्नर, ११ नोव्हेंबर २०२५

प्रिय मित्र संपत यास सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र आलं तेव्हा मी वाचनालयातून परतत होतो. शिवनेरीच्या अंगावर दुपारचं पिवळं ऊन पडलं होतं आणि पोस्टमन सायकल टेकवून माझीच वाट पाहत होता. पाकिटावरचं तुझं अक्षर पाहिलं आणि एकदम चौथीचा वर्ग आठवला. वेलांट्या अजून तशाच, पळत सुटल्यासारख्या.

कवायतीचा तास आठवतो का रे? गुरुजी उंचीप्रमाणे उभं करायचे आणि तुझ्यामाझ्यापाशी येऊन अडायचे. पाठीला पाठ लावून, डोक्यावर पट्टी ठेवून पाहिलं तरी कोण पुढे आणि कोण मागे ते ठरेना. शेवटी वैतागून म्हणायचे, उभे राहा कसेही. तुझा सदरा मला आणि माझा तुला. गणपतीत एकाच टोपीत दोघांचे फोटो निघाले. आता तशी टोपीही राहिली नाही आणि पाठ्यपुस्तकात पाठ करावी अशी कविताही राहिली नाही. आमच्या शेजारची मुलं कविता वाचतात, म्हणत नाहीत. कविता म्हणायची असते. शेवटची ओळ सोडताना आवाज खाली आणायचा आणि थोडं थांबायचं, म्हणजे ती मुलांबरोबर घरी जाते.

ते शूटिंग! नाणेघाटाच्या वरचं पठार, फेब्रुवारीतलं वाळकं गवत, आणि तुमच्या दिग्दर्शकाला हवा होता मंगळ. त्यानं जुन्नरच्या बाजारातली सगळी गेरू उचलली आणि कातळावर उधळली. त्या वर्षी निम्म्या गावाच्या चुली सारवायच्या राहिल्या. दादाभाऊनं बंब कापला तो स्वतःच्या न्हाणीघरातला. झुंबरबाई महिनाभर त्याच्याशी बोलली नाही, आणि थंड पाण्यानं आंघोळ करताना तो मात्र मोठ्यानं गात असे. डोळ्यांना सायकलचे लाल रिफ्लेक्टर. पहिल्या दिवशी तू ते डोकं चढवलंस आणि आतून म्हणालास, सावळ्या, राखेचा वास येतोय. दुसऱ्या दिवशी तू दरीकडे चालत सुटलास, कारण तुला दिसत नव्हतं. तिसऱ्या दिवशी गुराख्याच्या म्हशी उधळल्या. चौथ्या दिवशी ढग आले आणि सगळे भजी खात बसले. पाचव्या दिवसाचं मला फारसं आठवत नाही.

पुढे दहाएक वर्षांनी खोडदला त्या मोठ्या दुर्बिणी आल्या. मी मुलांची सहल घेऊन जाई तेव्हा सांगत असे, बाळांनो, आपल्या तालुक्यात आधी अगस्ती आला आणि मग त्याला शोधायला या दुर्बिणी आल्या. मुलं हसायची. शास्त्रज्ञही एकदा हसले.

डोक्याविषयी. ते आहे. माळ्यावर आहे. पण शिडीची एक पायरी मोडली आहे आणि सुतार दिवाळीला गेला तो अजून आला नाही. आला की बघतो.

तुझा,
सावळेराम

*

कल्याण, १७ नोव्हेंबर २०२५

सावळ्या,

तीन पानं. त्यात गेरू आहे, भजी आहेत, म्हशी आहेत, दादाभाऊचं गाणं आहे. डोकं साडेतीन ओळींत, आणि त्यातही सुतार.

शेजाऱ्याची शिडी आण. शेजाऱ्याला चढव. एका निवृत्त मास्तराच्या शब्दावर जुन्नरमध्ये निदान चाळीस माणसं माळ्यावर चढतील. इथं साताऱ्याच्या माणसानं वृषालीला जुना फोटो पाठवला आहे. त्यात तो पत्र्याच्या डब्याशेजारी उभा आहे. डबा गोडेतेलाचा आहे हे उज्ज्वलालासुद्धा कळलं, पण ती मुलगी म्हणते, बघू.

तुला हे गमतीचं वाटत असेल. तू शाळेत गेलास की तीस मुलं उभी राहायची. अजूनही बाजारात तुला कुणी ना कुणी वाकून नमस्कार करतो आणि नावानं ओळखतो. मी गेल्या महिन्यात बँकेत गेलो. रांगेतल्या मागच्या बाईंनी ओळखलं, अहो तुम्ही ते ना, आणि नाव आठवेना तेव्हा त्यांनी दोन्ही हात डोक्याभोवती गोल धरून दाखवले. मी मान हलवली. नाव विचारायचं त्यांना सुचलं नाही.

मला त्या पट्टीत माझं नाव हवं. एकदा. चहाबिस्किट नको, शाल नको. तेवढं एक नाव.

पाचव्या दिवसाचं मलाही आठवत नाही. कणकण होती.

पार्सल टाकलंस की पावतीचा नंबर कळव. बाकी काही कळवू नकोस.

संपत

*

जुन्नर, २६ नोव्हेंबर २०२५

प्रिय मित्र संपत यास सप्रेम नमस्कार.

तुझा राग पोचला. बँकेतल्या बाईंचा प्रसंग वाचून मी पत्र खाली ठेवलं आणि बराच वेळ गच्चीवर फेऱ्या मारल्या. थंडी पडू लागली आहे. कुकडीवरून सकाळी धुकं येतं आणि सगळं गाव पुसून टाकतं, मग एकेक घर पुन्हा लिहिलं जातं. अशा वेळी वर्गात मी खिडक्या उघडायला सांगत असे. शाळा तपासनीस आले होते एकदा, म्हणाले, मुलं गारठतील. मी म्हटलं, साहेब, ही कविता गारठल्याशिवाय कळत नाही. माझ्या गोपनीय अहवालात त्यांनी काहीतरी लिहिलं म्हणतात.

सुतार आला. पायरी बसवली. डोकं उतरवलं, पण तांबं पार हिरवं पडलं आहे रे. असं कसं पाठवायचं? सातारकराचा डबा चकचकीत आणि अगस्ती शेवाळलेला, हे मला बरं वाटेना. म्हणून ते दादाभाऊच्या दुकानात चिंच लावून घासायला दिलं आहे. दादाभाऊ गेला, पण त्याचा नातू पप्पू दुकान चालवतो. मोठा गुणी. आठवडाभरात देतो म्हणाला.

तुझी प्रकृती कशी आहे? कानाचं यंत्र का घेत नाहीस?

तुझा,
सावळेराम

*

कल्याण, २ डिसेंबर २०२५

सावळेराम,

उज्ज्वलानं पप्पू तांबटाला फोन केला. नंबर दुकानाच्या पाटीवर होता आणि पाटी तिच्या मोबाइलमध्ये सापडली. तुझ्या गोष्टीतलं सगळं आता असं पाच मिनिटांत सापडतं, हे लक्षात ठेव.

पप्पू म्हणाला, मी तांब्याला सहा वर्षांत हात लावलेला नाही. मिक्सर विकतो, कूलर विकतो. गुरुजी दर रविवारी येतात, खुर्चीत बसतात, चहा घेतात आणि गिऱ्हाईक आलं की त्यालाही कविता ऐकवतात. डोकंबिकं काही आणलं नाही. वर विचारतो, गुरुजींची तब्येत बरी आहे ना?

साठ-पासष्ट वर्षांत तू खोटं बोललेलं मी ऐकलं नव्हतं. आता बोलतो आहेस आणि इतकं वाईट बोलतो आहेस, की नट म्हणून मला लाज वाटते. दुकानाचं नाव, माणसाचं नाव आणि वर चिंचसुद्धा. खोटं बोलणाऱ्यानं कमी बोलायचं असतं.

विकलंस का? मोडीत घातलंस का? घातलं असशील तर सरळ लिही, मी वृषालीला सांगतो की साताऱ्याच्या माणसाला शाल द्या. पण मला माळे आणि धुकं पाठवू नकोस.

संपत

*

जुन्नर, ९ डिसेंबर २०२५

प्रिय संपत,

विकलं नाही. तुझं डोकं लोणीला आहे. तुझ्याच घरी. तुझ्या गोजरवहिनींकडे.

आता पत्र फाडू नकोस. तुझ्यासमोर लोणीचं नाव काढायची चोरी आहे म्हणून इतके दिवस काढलं नाही. अठ्ठ्याऐंशीच्या जत्रेत लाउडस्पीकरवर ‘आता येत आहेत आपल्या गावचे बंब’ असं कुणी तरी म्हणालं, सगळी जत्रा हसली आणि तू स्टेजवरून उतरून सरळ मंचरच्या गाडीत बसलास. भावाच्या दिवसांना आलास तोही पाहुण्यासारखा. दोन वर्षांपूर्वी डोकं तिथं नेलं, तेव्हा तुला विचारलं असतं तर तू नाही म्हणाला असतास. म्हणून विचारलं नाही.

त्या वर्षी चतुर्थीला मी ओझरला गेलो होतो. मंडपात वहिनी भेटल्या. ओळखल्या नाहीत इतक्या वाळल्या होत्या. त्यांच्या वस्तीला उसातून बिबट्या येतो. आधी कुत्रं नेलं, मग गोठ्यातलं वासरू. पहाटे धारा काढायला चाळीस पावलं चालून गोठ्यात जायचं, ती चाळीस पावलं त्यांना उचलेनात. त्यांचा सुभाष चाकणला कंपनीत, तो म्हणाला, गाई विकून माझ्याकडे या. वहिनी मला म्हणाल्या, “गुरुजी, गाया इकल्या तर मी तिथं काय पंखा बघत बसू?”

घरी आलो आणि माळ्यावर पाहिलं. अगस्ती धूळ खात होता. दुसऱ्या दिवशी त्याला मांडीवर घेऊन एसटीनं लोणीला गेलो. कंडक्टरनं विचारलं, हे काय? मी म्हटलं, नट आहे. त्यानं तिकीट मात्र फाडलं नाही. उसाच्या कडेला खांब रोवला, त्यावर डोकं बसवलं, आत उन्हावर चालणारा एक दिवा ठेवला. अंधार असेतो डोळे लाल दिसतात. बिबट्या त्याला भितो की नाही ते मला ठाऊक नाही. गोजरवहिनी भीत नाहीत, एवढं खरं. गाई विकल्या नाहीत.

आता तूच सांग, ते उतरवून आण असं मी त्यांना कुठल्या तोंडानं सांगू? म्हणून माळा, म्हणून सुतार, म्हणून चिंच. मला खोटं जमत नाही हे मान्य.

सुभाषला सांगून बाहेरून एक छान फोटो काढून घे आणि वृषालीला पाठव. बाहेरूनच काढ. आत गांधीलमाश्यांचं पोळं आहे, डोकं हलवलं तर चावतील.

तुझा,
सावळेराम

*

कल्याण, १४ डिसेंबर २०२५

सावळ्या,

नाव आत आहे आणि फोटो बाहेरून. गांधीलमाश्या, भर डिसेंबरात.

तू अजून काहीतरी लपवतो आहेस. मी गुरुवारी लोणीला निघतो. डोकं घेऊनच परत येईन. वहिनीला दुसरं काहीतरी बसवून देऊ, बाजारात भोंगे मिळतात.

संपत

*

लोणी, २४ डिसेंबर २०२५

सावळ्या,

गांधीलमाश्या सापडल्या नाहीत. एक पाल होती.

क्रमानं सांगतो, कारण इथं सांगायला दुसरं कुणी नाही. गुरुवारी दुपारी फाट्यावर उतरलो. कल्याणपासून चार गाड्या बदलल्या, डोक्यात वाद तयार करून आणला होता. वहिनी दारात कांदे निवडत होती. सदतीस वर्षांत मी त्या घरात एक रात्रही राहिलेलो नाही, तर वर बघून म्हणाली, “आलात व्हय. पाय धुवा.” जसा काही मी मंचरला बाजाराला गेलो होतो. मी पाय न धुताच विचारलं, डोकं कुठंय? तिनं कांद्यानंच दाखवलं. उसाच्या कडेला अगस्ती उभा आहे. हिरवागार, खाली सुभाषचा फाटका रेनकोट, खांद्यावर चिमणीची घाण. मी म्हटलं, उद्या घेऊन जाणार. म्हणाली, “न्या की. तुमचंच हाय.” आणि पिठलं टाकायला आत गेली. भांडायला माणूस समोर नसला की फार वैताग येतो रे.

पहाटे तिच्या आवाजानं जाग आली. मला हे आजकाल होत नाही, पण तिचा आवाज अजून शेत ओलांडून जातो. “भाऊजी, निघाले बरं का. जरा बघा.” मी गोधडीतून हो म्हटलं. तिनं लक्ष दिलं नाही. खिडकीतून पाहिलं तर ती बादली घेऊन अंगणात उभी, तोंड उसाकडे, आणि बोलत होती त्या बंबाशी. मग ताठ मानेनं गोठ्यात गेली. धारा काढून आली, पुन्हा थांबली. “आले हं भाऊजी.”

दोन वर्षं रोज असं चाललं आहे. मी तिला विचारलं. तिला त्यात सांगण्यासारखं काही वाटलं नाही. दिराचं डोकं आहे, मग दुसरं काय म्हणणार, असं तिचं म्हणणं.

मग जत्रेचंही निघालं. सदतीस वर्षं पोटात ठेवलेलं मी एका दमात बाहेर काढलं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “त्याच्यापायी रुसला व्हता? आवो, तवा आपल्या वाडीत एकाच्या बी घरी बंब न्हवता. चुलीवर पाणी तापवायचो. आमाला वाटलं, लई मोठं कायतरी म्हणाले तुमाला.” हसली होती ती म्हणे कौतुकानं. सगळ्या जत्रेचं मी खात्रीनं सांगत नाही, पण तिचं तरी खरं धरतो.

आता आतलं. सुभाष रविवारी आला, त्यानं दिवसाउजेडी डोकं उतरवलं आणि फोटो काढायला उलटं केलं. माझं नाव आहे. स्वच्छ आहे. त्याच्याखाली, त्याच ठोक्यांत, दुसरं आहे: सावळेराम गेनूजी ढोमसे, जुन्नर. १९-२-८६. एक दिवस.

दादाभाऊचा नियम मी विसरलो होतो. भांडं हात बदललं की नवं नाव. मागे पोचा ठोकून काढल्याची खूण आहे, त्यासाठी तू नेलं असशील आणि त्यानं विचारलं असेल, पडलं तेव्हा कुणाकडं होतं? तुझ्याच्यानं खोटं बोलवलं नसेल.

पाचव्या दिवशी मी डाकबंगल्यावर दोन कांबळी घेऊन कुडकुडत पडलो होतो. संध्याकाळी दिग्दर्शक म्हणाला, काळजी करू नका, दुरून घेतलं, कुणालातरी उभं केलं. कोण ते मी विचारलं नाही. आजपर्यंत विचारलं नाही. विचारलं असतं तर पुढे कुणाला तरी सांगावं लागलं असतं. बाकीच्या सगळ्या भागांत मी खडखडत चालतो, सावळ्या. लोक रडतात ते शेवटच्या भागाला. लग्नात, दवाखान्यात, बँकेत मला तोच हात करून दाखवायला सांगतात. मी चाळीस वर्षं करून दाखवतो आहे.

वृषालीनं तो तुकडा सुभाषच्या मोबाइलवर पाठवला होता. उसाच्या बांधावर बसून पाहिला. हात वर होतो, आणि डोकं डावीकडे कलतं आणि जरा थांबतं. कविता संपवताना तुझं कलतं तसं. आणि तो हातसुद्धा निरोपाचा नाही. वर्ग सोडताना करायचास तो आहे. चाळीस वर्षांत मला ते दिसू नये! मी कसला नट?

तू का लपवलंस ते कळलं. याच्याकडे एवढं एकच आहे, तेही कशाला काढून घ्या, असं वाटलं असणार तुला. अरे, पण सांगायचंस तरी. भांडलो असतो. एवढी वर्षं आपण भांडण्यासारखं काही नसताना भांडतो आहोत.

वृषालीला फोटो पूर्ण पाठवला. खालचं नाव कापून पाठवता आलं असतं, सुभाष म्हणाला बोटानं होतं. नको म्हटलं. तिनं फोन केला, सुभाष मला ओरडून सांगत होता; गोंधळली होती. पट्टीत एका ओळीची जागा आहे, दोन नावं लहान दिसतील. मी म्हटलं, लहान दिसू देत. डोकं सत्काराला आणा म्हणाली. मी म्हटलं, ते कामावर आहे. तीन दिवस हेच. नागपूरकर मधे ओरडतच होता, त्याला तिनं तो फोटो पाठवला तेव्हापासून गप्प आहे. शेवटी काल तयार झाली. मग विचारते, आजोबा, आधी कुणाचं नाव लावू? मी सांगितलं, उंचीप्रमाणे.

डोकं पुन्हा खांबावर चढवलं आहे. मी संक्रांतीपर्यंत इथंच आहे. घरात जिताजागता दीर असूनही वहिनी पहाटे त्या बंबालाच सांगून जाते. विचारलं तर म्हणते, “तुमी झोपता. ते जागं असतं.”

संक्रांतीला दुपारी शेवटचा भाग इथं बसून बघायचा आहे. सुभाष मोठा टीव्ही आणणार आहे. तुझा हात वर होईल तेव्हा मी काही बोलणार नाही, हे कबूल करतो. तूही बोलायचं नाहीस.

पानंच्या पानं लिहू नकोस. धुकं नको, गेरू नको. येतोस की नाही, तेवढं कळव.

संपत

*

जुन्नर, ३० डिसेंबर २०२५

संपत,

येतो.

सावळेराम